ट्रोलिंग मोटरला बॅटरी जोडताना : लहान होडीवाल्या नवख्यांसाठी

न्यू जर्सीतल्या एडिसन, प्लेन्सबरो, मनरो या पट्ट्यात राहणाऱ्या आणि गळ टाकायची हौस असणाऱ्या मराठी माणसाची वाट बहुधा ठरलेली असते. आधी काठावरून, मग भाड्याच्या कायाकमधून, आणि मग एक दिवस बारा-चौदा फुटांची जुनी ॲल्युमिनियमची होडी दारात येऊन उभी राहते. ती आली की कळतं, आसपासच्या चांगल्या पाण्यांवर पेट्रोलचं इंजिन चालतच नाही. २२५ एकरांचा असनपिंक तलाव घ्या किंवा ७७० एकरांचा मॅनास्क्वान जलाशय, दोन्हीकडे मोटर विजेचीच हवी. मोठ्या होडीवर ट्रोलिंग मोटर, म्हणजे बॅटरीवर चालणारी, होडी सावकाश ढकलणारी छोटी मोटर, इंजिनाच्या जोडीला असते. आपल्या होडीवर तीच एकटी आपल्याला नेते आणि तीच परत आणते.

मोटर कुठली घ्यावी यावर सगळे भरभरून बोलतात, बॅटरी मात्र दुकानात पहिली दिसेल ती उचलली जाते. माझं मत ठाम आहे. मोटर साधी असली तरी भागतं, बॅटरी आणि तिची जोडणी चोख लागते. आणि बॅटरीचा हिशेब मांडायचा तो परतीच्या वाटेवरून. सकाळी पाणी शांत असतं, दुपारी वारा उठतो, आणि नेमका तेव्हाच होडी लावायचा धक्का वारा येतो त्या बाजूला असतो.

समजायला सोपं जावं म्हणून सगळीकडे एकच उदाहरण धरतो : १४ फुटांची होडी, दोन माणसं, आणि मागच्या फळीला लावलेली १२ व्होल्टची, ५५ पौंड रेट्याची मोटर.

१. मोटर किती करंट खेचते ते बघा

मोटरच्या पुस्तिकेत ‘जास्तीत जास्त करंट’ हा आकडा दिलेला असतो. पुढचं सगळं त्यावर उभं आहे, म्हणून तो आधी शोधा. १२ व्होल्टच्या ३० पौंडी मोटरला साधारण ३० अँपिअर लागतात, ४० ते ४५ पौंडीला ४२ ते ४६ आणि ५५ पौंडीला ५० अँपिअर. ८० पौंडी मोटर २४ व्होल्टची असते आणि पूर्ण वेगात छप्पन्नच्या आसपास खेचते.

रेट्याचा ढोबळ नियम असा की होडी, माणसं, सामान आणि बॅटरी धरून दर १०० पौंड वजनाला निदान २ पौंड रेटा हवा. आपल्या उदाहरणात सगळं मिळून ६५०-७०० पौंड भरतात, म्हणजे कागदावर १४ पौंडांत काम होतं. पण हा आकडा शांत पाण्याचा. उघड्या जलाशयावर वाऱ्याशी झुंजायला ५५ पौंड असलेले बरे.

२. दिवसाचा हिशेब मांडा

पाण्यात होडी ढकलायला लागणारी शक्ती वेगाच्या जवळपास घनाच्या पटीत वाढते. वेग निम्मा केला की शक्ती साधारण आठव्या हिश्शावर येते. म्हणूनच हळूहळू फिरत गळ ओढताना बॅटरी तासन्‌तास टिकते आणि पूर्ण वेगात तासाभरात दम तोडते. पाच ठरावीक वेगांच्या साध्या मोटरमध्ये हा फायदा पुरता मिळत नाही, कारण कमी वेगावर उरलेली वीज रोधकात उष्णता होऊन वाया जाते. वेग हवा तसा कमी-जास्त करता येणारी, पल्स पद्धतीची मोटर थोडी महाग असते, पण बॅटरीवर वाचणारे पैसे बघता मी तीच घ्यायला सांगेन.

आता हिशेब. मासे शोधत सावकाश फिरताना १४ अँपिअर धरा. असे तीन तास म्हणजे ४२ अँपिअर-तास. परतताना समोरून वारा आणि अर्धा तास पूर्ण वेग म्हणजे ५० गुणिले अर्धा, २५ अँपिअर-तास. बेरीज ६७. नवखा माणूस पहिला आकडा काढतो आणि दुसरा विसरतो. मी तर दुसरा आकडा आधी लिहायला सांगतो : परतीचे २५ बाजूला काढून ठेवायचे, आणि उरलेल्यात मासेमारी बसवायची.

३. बॅटरी निवडा

गाडीची बॅटरी आणू नका. ती काही सेकंद प्रचंड करंट द्यायला बनवलेली असते. पातळ प्लेट्स, जास्त पृष्ठभाग. ती तासन्‌तास रिकामी करत राहिलात तर एका हंगामात बसते. लेबलवर ‘डीप सायकल’, म्हणजे खोलवर रिकामी करून पुन्हा भरता येणारी, असं लिहिलेलं हवं. ‘मरीन’ एवढ्याच शब्दावर जाऊ नका, कारण इंजिन चालू करण्याच्या बॅटऱ्यांवरही तो असतो. मोठ्या अक्षरांत फक्त क्रँकिंग अँपिअर (इंजिन चालू करताना मिळणारा करंट) छापलेले असतील आणि अँपिअर-तास कुठेच नसतील, तर ती आपल्या कामाची नाही.

काही लेबलांवर अँपिअर-तासांऐवजी रिझर्व्ह कपॅसिटी मिनिटांत देतात. २५ अँपिअर भारावर बॅटरी किती मिनिटं टिकते, तो हा आकडा. १८० मिनिटं असेल तर १८० गुणिले २५ भागिले ६०, म्हणजे ७५ अँपिअर-तास. शिशाच्या बॅटरीसाठी हा आकडा १०० अँपिअर-तास अशा छापील दाव्यापेक्षा जास्त खरा. तो दावा बहुधा २० तासांत सावकाश रिकामं करण्याचा असतो, म्हणजे फक्त ५ अँपिअरवर. त्याच बॅटरीतून ५० अँपिअर खेचले की ती शंभर देत नाही, बरीच कमी देते.

शिशाच्या बॅटरीत दोन प्रकार तुमच्यासमोर येतील. एक पाणी घालायची, दुसरी सीलबंद एजीएम, जिच्यात ॲसिड काचतंतूंच्या थरात शोषलेलं असतं. होडी हलते, कलते, म्हणून दोघांत एजीएम बरी. दोन्ही निम्म्याच्या खाली नेऊ नयेत, नेल्या तर आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे १०० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीतले वापरायचे ५० धरा. आपल्याला हवेत ६७. एकीत भागत नाही, दोन लागतात, आणि प्रत्येकी साधारण २८ किलोप्रमाणे होडीत ५६ किलो वजन वाढतं.

लिथियम म्हणजे इथे लिथियम आयर्न फॉस्फेट. १०० अँपिअर-तासांची बॅटरी साधारण १२ किलोची, ८० ते ९० अँपिअर-तास निर्धास्त वापरता येतात, आणि जोराने करंट खेचला तरी क्षमता फारशी घटत नाही. आपलं उदाहरण एका बॅटरीत बसतं. टाउनहाउसमध्ये राहून दर वेळी बॅटरी जिन्यावरून वर न्यावी लागत असेल, तर १२ किलो आणि २८ किलो यांतला फरक कंबरच सांगेल. वर्षातून चारदोन शनिवार जाणार असाल तर शिशाच्या बॅटऱ्या पुरतात. दर आठवड्याला जाणार असाल तर लिथियमचे जास्तीचे पैसे वसूल होतात.

पण लिथियम घेताना दोन गोष्टी विचारूनच घ्या. आतली संरक्षक सर्किट, जिला बीएमएस म्हणतात, ती सतत किती अँपिअर देऊ शकते? ५० अँपिअरच्या मोटरला १०० अँपिअरची असावी. आणि गोठणबिंदूखाली ती चार्जिंग आपोआप थांबवते का? थंडीत चार्ज केल्याने सेलचं कायमचं नुकसान होतं, आणि आपली जानेवारी कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. तसंच, लिथियमचा व्होल्टेज शिशापेक्षा थोडा जास्त राहतो, त्यामुळे काही कंपन्या पूर्ण वेगात बराच वेळ मोटर चालवू नका असं पुस्तिकेत बजावतात. ते पान वाचा.

शिशाची बॅटरी विकत घेताना अमेरिकेत दुकानदार जुन्या बॅटरीपोटी अनामत घेतो. जुनी नेऊन दिलीत की ती परत मिळते, पावती सांभाळा.

भारतात धरणाच्या पाण्यावर अशी मोटर लावणाऱ्याला सर्वांत सहज मिळते ती घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी. खोलवर रिकामी व्हायला ती बनलेली असते, तेवढ्यापुरती निवड योग्यच आहे. अडचण वजनाची आणि ॲसिडची. १५० अँपिअर-तासांची बॅटरी पन्नास किलोंच्या वर जाते, उंच असते, आत पातळ ॲसिड असतं. लहान होडीत ती आडवी झाली तर पाय भाजतील. वापरायचीच असेल तर तळाशी पक्की बांधून, पेटीत घालून, होडीच्या मध्यावर ठेवा.

४. होडीत जागा ठरवा

मोटर मागे, तुम्ही हँडल धरून मागे, आणि तारा आखूड राहाव्यात म्हणून बॅटरीही मागेच ठेवलीत, तर होडीचं तोंड वर उठतं. वारा त्या उचललेल्या तोंडाला धरतो आणि होडी सरळ जात नाही. मोटर सगळा वेळ दिशा सावरण्यात वीज घालवते. म्हणून बॅटरी मध्याच्या थोडी पुढे न्या, मग तारा लांबल्या तरी हरकत नाही. त्यासाठी तारा जाड घ्यायच्या, ते पुढे येतंच. पाण्यात एकदा दोघं आपापल्या जागी बसा आणि तिसऱ्याला धक्क्यावरून बघायला सांगा. होडी जवळपास सपाट दिसली पाहिजे.

बॅटरी प्लास्टिकच्या पेटीत, पेटी पट्ट्याने होडीला बांधलेली. होडी उलटण्याच्या बेतात आली तरी बॅटरी जागेवरून हलता कामा नये. शिशाची असेल तर पेटीला हवा खेळायला भोकं हवीत, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो. ॲल्युमिनियमची होडी स्वतःच वीजवाहक असते, हे डोक्यात पक्कं ठेवा. दोन्ही टर्मिनलांवर रबरी टोप्या हव्यात. आणि गाडीत करतात तशी ऋण तार होडीच्या अंगाला कधीही जोडू नका. पाण्यात त्या प्रवाहाने ॲल्युमिनियम झिजत जातं.

५. तारा आणि ब्रेकर

इथे घाई करू नका. होडीतल्या विजेचा खरा धोका इथे आहे. १२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण शॉर्ट झालेली बॅटरी शेकडो अँपिअर सोडते, तार लाल होते आणि तिचं आवरण पेटतं. पाण्याच्या मध्यावर तुम्हाला उतरून पळायला जागा नसते.

ब्रेकर किंवा फ्यूज धन तारेवर, बॅटरीच्या अगदी जवळ. अमेरिकेतल्या बोटींच्या मानकात साधारण नियम ७ इंचांच्या आतचा आहे. कारण साधं आहे : ब्रेकर तारेला वाचवतो, आणि बॅटरीपासून ब्रेकरपर्यंतच्या तुकड्याला वाचवणारं कोणी नसतं. तो तुकडा जितका आखूड तितका चांगला. ५५ पौंडी मोटरला ६० अँपिअरचा ब्रेकर बसतो, ४५ पौंडांपर्यंत ५० अँपिअरचा. घरच्या पॅनेलमधला ब्रेकर लावू नका. घरची वीज सेकंदाला अनेकदा शून्यावर येते, त्यामुळे तिथली ठिणगी आपोआप विझते. बॅटरीची वीज शून्यावर येत नाही, ठिणगी जळत राहते. डीसीसाठी बनवलेला, ओलाव्यात टिकणारा मरीन ब्रेकरच घ्या.

आता जाडी. बॅटरी ते मोटर १२ फूट अंतर असेल तर वीज जाऊन-येऊन २४ फूट फिरते. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड. ८ गेजची तांब्याची तार घेतली तर ५० अँपिअरला वाटेत पाऊण व्होल्ट पडतो. ६ गेजवर अर्ध्याच्या थोडा खाली, ४ गेजवर ०.३ व्होल्ट. १२ व्होल्टमध्ये पाऊण व्होल्ट म्हणजे सहा टक्के, तेही नेमके वाऱ्याविरुद्ध पूर्ण वेग हवा असताना. एवढ्या अंतराला मी ६ गेजपेक्षा पातळ तार घेणार नाही, आणि शक्य असेल तर ४ घेईन.

ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या जाड तारांकडे नीट बघा. ‘सीसीए’ लिहिलं असेल तर आत ॲल्युमिनियम आहे, वर तांब्याचा नुसता मुलामा. गेज तोच दिसतो, पण वीज तांब्याच्या साधारण दोन-तृतीयांश इतकीच वाहते. शुद्ध तांब्याची, कथलाचा लेप असलेली मरीन तार घ्या. ती ओलाव्यात हिरवी पडत नाही.

टोकांना गोल लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) क्रिंप करून, म्हणजे घट्ट दाबून, घ्या आणि त्यावर आत गोंद असलेली, तापवली की आवळणारी नळी चढवा. तुमच्याकडे चांगलं क्रिंपर नसेल तर मापं देऊन बनवून मागवा, पक्कडीने चेपलेला लग कधीतरी दगा देतोच. क्रिंप झाल्यावर जोर लावून ओढून बघा. टर्मिनलवर हाताने फिरवायचे पंखांचे नट येतात, ते काढून टाका आणि पान्याने आवळायचे, आत नायलॉन असलेले नट लावा. पंखांचे नट होडीच्या थरथरीने सैल होतात, आणि सैल जोड तापून टर्मिनल वितळतं.

६. जोडणी

अंगठी, कडं, गळ्यातली साखळी काढून ठेवा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. ब्रेकर बंद, मोटरचा प्लग काढलेला.

आधी ब्रेकरपासून मोटरच्या सॉकेटपर्यंतच्या तारा टाकून घ्या, जिथे पत्र्याची कडा लागते तिथे रबर लावा. मग बॅटरीचं धन टोक, सगळ्यात शेवटी ऋण. काढताना उलट, ऋण आधी. ऋण सुटलेलं असताना पाना चुकून धन टर्मिनल आणि दुसऱ्या कशाला लागला तरी वाट पूर्ण होत नाही, म्हणून हा क्रम. प्लगमध्ये लाल-काळं उलटं झालं तर मोटरचं सर्किट जळू शकतं, म्हणून प्लग लावण्याआधी सॉकेटवर मल्टिमीटर धरून धन-ऋण तपासा.

दोन बॅटऱ्या असतील तर प्रश्न येतो समांतर की सलग. १२ व्होल्टच्या मोटरला समांतर : धनला धन, ऋणला ऋण. व्होल्टेज तोच, क्षमता दुप्पट. मोटरची धन तार पहिल्या बॅटरीवरून आणि ऋण तार दुसऱ्या बॅटरीवरून घ्या, अशी तिरकी. दोन्ही तारा एकाच बॅटरीवरून घेतल्या तर तीच जास्त राबते आणि आधी म्हातारी होते. २४ व्होल्टच्या मोटरला सलग : एकीचं ऋण दुसरीच्या धनला, आणि उरलेली दोन टोकं मोटरला. १२ व्होल्टच्या मोटरला चुकूनही सलग जोड देऊ नका. लिथियम सलग जोडायच्या असतील तर तिचा बीएमएस त्याला परवानगी देतो का ते आधी पुस्तिकेत बघा.

जोडी एकाच कंपनीची, एकाच क्षमतेची, एकाच वेळी घेतलेली हवी. समांतर जोडण्याआधी दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करा, नाहीतर भरलेली रिकामीत एकदम ओतते. शिसं आणि लिथियम एकत्र कधीच नाही.

मासे दाखवणाऱ्या सोनार यंत्रासाठी ७ ते १० अँपिअर-तासांची छोटी वेगळी बॅटरी ठेवा. मोटरच्या बॅटरीवर तो लावला की पडद्यावर रेघा येतात. २४ व्होल्टच्या जोडीतल्या एकीवरून १२ व्होल्ट काढायचा मोह तर टाळाच, दोन्ही असमान रिकाम्या होतात आणि पुढे नीट चार्जही होत नाहीत.

७. धक्क्यालाच चाचणी घ्या

पहिल्या दिवशी लांब जाऊ नका. होडी धक्क्याला दोन्ही टोकांनी बांधा, पंखा पाण्यात, आणि पूर्ण वेग द्या. दुसरा माणूस मल्टिमीटरने आधी बॅटरीच्या टर्मिनलवर आणि मग मोटरच्या प्लगशी व्होल्टेज मोजेल. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. जास्त असेल तर तार पातळ आहे किंवा जोड सैल आहे. दहा मिनिटांनी मोटर बंद करून प्रत्येक जोडावर हाताची पाठ टेकवून बघा. सगळीकडे कोमट आणि एका ठिकाणी गरम लागलं, तर तोच जोड पुन्हा करायचा.

पाण्यावर असताना बॅटरीत किती वीज उरली हे कसं कळणार? शिशाची बॅटरी थोडा वेळ निवांत ठेवून मोजली तर १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.१ ते १२.२ म्हणजे निम्मी. मोटर चालू असताना दिसणारा आकडा नेहमी खाली असतो, तो धरू नका. लिथियमवर व्होल्टेजचा काही उपयोग नाही, भरलेली असो की पाव उरलेली, आकडा जवळपास तसाच राहतो. तिला आत-बाहेर गेलेले अँपिअर मोजणारा शंट मीटर लावा किंवा बॅटरीचं ॲप वापरा. मीटरने ४० टक्के दाखवले की गळ गुंडाळा. लिथियम संपताना हळू होत नाही, बीएमएस एका क्षणात वीज तोडतो. म्हणून होडीत दोन वल्ही कायम, बॅटरी कितीही महाग असली तरी.

न्यू जर्सीत होडीला विजेची मोटर लागली तरी ती नोंदणीच्या कक्षेत येते. मोटर वाहन आयोगाचं ते काम पाण्यावर उतरण्याआधी उरका.

८. चार्जिंग आणि हिवाळा

शिशाची बॅटरी त्याच संध्याकाळी चार्जला लावा. अर्धवट रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे स्फटिक घट्ट बसतात. चार्जर क्षमतेच्या दहाव्या हिश्शाचा, म्हणजे १०० अँपिअर-तासांना १० अँपिअरचा. वरचा चार्जिंग व्होल्टेज साधारण १४.४ ते १४.८, आणि बॅटरी भरल्यावर १३.५ च्या आसपास धरून ठेवणारा. एजीएमला वेगळी सोय असते, ती निवडा. लिथियमला लिथियमचाच चार्जर, १४.४ ते १४.६ व्होल्टवर थांबणारा. २० अँपिअरचा घेतलात तर रिकामी बॅटरी पाचेक तासांत भरते. समांतर किंवा सलग जोडी असेल तर प्रत्येक बॅटरीला वेगळी तार देणारा दोन बँकांचा चार्जर सगळ्यात निर्धोक, पण समांतर जोडीला तो लावताना जोड सोडवायची की नाही ते चार्जरच्या पुस्तिकेत बघून घ्या.

पाणी घालायची बॅटरी असेल तर महिन्यातून एकदा झाकणं उघडून प्लेटा बुडाल्या आहेत का बघा. फक्त डिस्टिल्ड पाणी, आणि तेही पूर्ण चार्ज झाल्यावर. ॲसिड सांडलं तर खाण्याचा सोडा आणि भरपूर पाणी, म्हणून सोड्याचं पाकीट गॅरेजमध्ये ठेवा.

नोव्हेंबरात होडी झाकाल तेव्हा बॅटरी बाहेर काढा. शिशाची असेल तर पूर्ण भरून ठेवा : भरलेली बॅटरी इथल्या कुठल्याही थंडीत गोठत नाही, पण रिकामीतलं ॲसिड बरंचसं पाणीच उरतं आणि ते उणे ७-८ सेल्सिअसलाच गोठून कवच फोडू शकतं. दर महिना-दीड महिन्याने तिला पुन्हा भरून घ्या. लिथियम निम्म्यावर ठेवा, सगळ्या तारा सोडवून, घरात कोरड्या जागी. घराऐवजी ती थंड गॅरेजमध्ये राहिली असेल तर मार्चमध्ये लगेच चार्जर लावू नका. घरात रात्रभर राहू द्या, पेटीला हात लावून ती खोलीइतकी ऊबदार झाली आहे ना बघा, मग लावा.